डेन्व्हरची ट्रॉफी आणि एक दुखावलेला गुडघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी, १३ जून २०२३ च्या सकाळी, अमेरिकेतल्या डेन्व्हर नगेट्स संघाने मायामी हीटला ९४-८९ असं हरवून एनबीएचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, अजिंक्यपद मिळवलं. बुधवारच्या अंकात आपण ती बातमी क्रीडा पानावर दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. स्कोअर होता, त्यांचा मुख्य खेळाडू योकिच याचं नाव होतं, संघाचं हे पहिलंच विजेतेपद असल्याचा उल्लेखही होता. पण हा संघ इथवर आला कसा, ते त्या चार ओळींत मावणारं नव्हतं. ज्यांची मुलं-मुली संध्याकाळी रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळायला जातात, त्या इंदूरकरांनी तरी ते वाचायला हवं असं मला फार वाटतं. पत्र लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर त्या संघातल्या जमाल मरेच्या गुडघ्याचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

मी स्वतः शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळले. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून सेंटर. तेव्हा आपल्याकडे तीन गुणांची रेघ आलेली नव्हती. मैदान सिमेंटचं, मे महिन्यात संध्याकाळी सहालाही पायाला चटका देणारं. सेंटरने रिंगखाली उभं राहायचं, रिबाउंड घ्यायचा (म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायचा) आणि तो गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेणारीच्या, हवाली करून मोकळं व्हायचं, एवढंच तिचं काम धरलं जाई. आमच्या सरांना ते मान्य नव्हतं. ते मला रिंगपासून दूर, फाउलनंतरचा मोकळा शॉट जिथून घेतात त्या फ्री थ्रोच्या रेषेपाशी आणून उभं करायचे. चेंडू डोक्यावर दोन्ही हातांत धरायचा, बाकीच्या चौघी आजूबाजूने कट मारतील, जी सुटेल तिला पास. उडी कमी असली तरी चालेल, मान फिरती ठेव, असं त्यांचं सांगणं. मी फार मोठी खेळाडू झाले नाही, पण मैदानावरचा सगळा खेळ आपल्या हातातून वाटला जातोय, ही भावना काय असते ते मला माहीत आहे.

म्हणून २०१६-१७ च्या हंगामात निकोला योकिचला पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मी त्या दिवसापासून डेन्व्हरची झाले. सर्बियातल्या सोम्बोर गावचा हा मुलगा. जवळजवळ सात फूट उंच, पण उडी बेताची, धावणं जड, अंगानेही तेव्हा सैलसर. २०१४ साली एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा आधी चाळीस नावं पुकारली गेली, मग याचं. त्या क्षणी अमेरिकेतल्या टीव्हीवर जाहिरात चालू होती आणि हा आपल्या घरी झोपलेला होता. (पुढच्याच वर्षी आपला पंजाबचा सतनाम सिंग ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, भारतात जन्मलेला पहिलाच. त्या दिवशी मी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.) या एक्केचाळीसाव्या मुलाला डेन्व्हरने फ्री थ्रोच्या रेषेपाशी उभं केलं आणि सगळा खेळ त्याच्या हातात दिला. आमचे सर असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता.

त्याचा आणि जमाल मरेचा एक डाव आहे, तो समजला की डेन्व्हर समजतं. योकिच चेंडू घेऊन उभा. मरे लांबून धावत येतो आणि त्याच्या खांद्याला घासून जातो, जाता जाता चेंडू हातातून हातात. मरेच्या मागावर असलेला खेळाडू योकिचच्या धिप्पाड देहावर अडतो. आता योकिचला राखणाऱ्याने करायचं काय? तो मरेला अडवायला पुढे सरकला तर मरे चेंडू परत योकिचला देतो आणि योकिचसमोर रिंगपर्यंत वाट मोकळी. तो मागेच थांबला तर मरे धावता धावता गपकन थांबतो, जागच्या जागी उडी मारतो आणि शॉट घेतो. कधी योकिच चेंडू देतच नाही, देण्याचा नुसता भास करतो, मरे मोकळ्या हातांनी रिंगकडे सुटतो आणि पास त्याला तिथे जाऊन गाठतो. दोघांतला एक जरी नसला तरी हा डाव बसत नाही. अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात योकिचचे ३२ गुण, २१ रिबाउंड आणि १० असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने गुण केले असे पास, होते. मरेचे ३४ गुण, १० रिबाउंड आणि १० असिस्ट. एकाच संघातल्या दोघांनी एकाच सामन्यात तीस-तीस गुणांच्या वर जाऊन ट्रिपल-डबल करावं, म्हणजे तिन्ही आकडे दहा किंवा वर न्यावेत, हे एनबीएच्या इतिहासात पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

आता गुडघ्याची गोष्ट.

१२ एप्रिल २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोत तिथल्या गोल्डन स्टेट संघाविरुद्ध सामना होता. शेवटचं मिनिट, डेन्व्हर हरत आलेलं. मरे चेंडू घेऊन रिंगकडे घुसला आणि त्याचा डावा गुडघा दगा देऊन गेला. एसीएल म्हणतात तो, गुडघ्याच्या आतला, मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला एकत्र धरून ठेवणारा बंध. तो तुटला. जो खेळाडू धावता धावता गपकन थांबून उडी मारतो त्याचा सगळा खेळ या बंधावर उभा असतो. आदल्याच वर्षी याच मरेने आणि योकिचने सातांतले चार सामने जिंकायच्या दोन मालिका १-३ अशा पिछाडीवरून लागोपाठ फिरवल्या होत्या, आधी युटा संघाविरुद्ध, मग क्लिपर्सविरुद्ध. इथे लॉकडाऊन होतं, घराबाहेर पडायचं नाही, आणि त्या काळ्या दिवसांत मला सकाळी उठायला तेवढं एक कारण होतं.

गुडघा गेला त्या रात्री संघाच्या बसमध्ये काय झालं ते तेव्हाचे प्रशिक्षक मायकल मलोन यांनी पुढे स्वतः सांगितलं. मरेच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने विचारलं, तुम्ही आता मला दुसऱ्या संघाला देऊन टाकणार का, मी तर खराब झालेला माल आहे. मलोननी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की तू आमचा आहेस, तुला परत उभं करायला आम्हीच मदत करणार.

असं बोलणं सोपं असतं, संपादक महोदय. ते पाळायला किती लागलं ते पाहा. त्या वर्षी फिनिक्सने डेन्व्हरला ४-० ने घरी पाठवलं. २०२१-२२ चा पूर्ण हंगाम मरे एकही सामना खेळला नाही. मायकल पोर्टर ज्युनियर हा दुसरा उमदा खेळाडू नऊ सामने खेळून पाठीच्या शस्त्रक्रियेला गेला. तेव्हाही योकिच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण प्ले-ऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटने ४-१ असं हरवलं. या मधल्या काळात मरेला बदलून एखादा धडधाकट गार्ड आणा, योकिचची उमेदीची वर्षं वाया चालली आहेत, असं म्हणणारे कमी नव्हते. संघाने मरेला दिलं नाही. पोर्टरलाही दिलं नाही. मरेला घाईने मैदानावर उतरवलंही नाही. प्ले-ऑफ तोंडावर आले तरी नाही. आणि योकिचने त्या उन्हाळ्यात पाच वर्षांचा नवा करार करून टाकला. मलोन यांच्या बाबतीतही हेच झालं होतं. ते २०१५ ला आले, पहिली तीन वर्षं संघ प्ले-ऑफमध्येही पोहोचला नाही, तिसऱ्या वर्षी तर हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात, जादा वेळेत मिनेसोटाकडून हरून संधी हुकली. तरी त्यांना ठेवलं.

या वर्षी मरे परतला. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या पश्चिम गटाच्या, अंतिम फेरीत लेकर्स संघाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात त्याने शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) एकट्याने २३ गुण केले. डावा पाय रोवून, थांबून, उडी मारून. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. आमच्या ह्यांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण तेही पेपर बाजूला ठेवून पाहत होते.

हे सगळं मी इतकं मनाला लावून का घेते, तेही सांगायला हवं. माझी भाची इथेच बास्केटबॉल खेळते. तिच्या आईला आवडत नव्हतं, मीच तिला पहिल्यांदा मैदानावर घेऊन गेले. उंचीला माझ्यावर गेली आणि हात माझ्यापेक्षा चांगला. दोन हिवाळ्यांपूर्वी एका निवड शिबिरात रिबाउंड घेऊन खाली येताना तिचा गुडघा आत वळला आणि तिथेच बसकण मारली. तोच बंध, तीच शस्त्रक्रिया. खर्च घरच्यांनी केला, तोही प्रश्न नाही. पण ज्या संघातून ती इतकी वर्षं खेळली तिथल्या कोणाही मोठ्या माणसाने तिला एक फोन केला नाही. पुढच्या स्पर्धेची यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. मैत्रिणीने यादीचा फोटो पाठवला तेव्हा कळलं. तिने मला एवढंच विचारलं, "मावशी, मी आता संपले का गं?" ती तेव्हा अठराची होती.

जमाल मरेने बसमध्ये जे विचारलं, तेच हे. फरक इतकाच की तिला उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं.

मी कुणाचं नाव घेत नाही, कारण हे एका संघाचं नाही. मैदानावर जाणाऱ्या कुठल्याही पालकाला विचारा, असं एक तरी मूल सांगतील. एसीएलची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, हे डॉक्टर मंडळी आता ठामपणे सांगतात. उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून आणि ते आत न वळू देता कसं उतरायचं, याचे व्यायाम सरावाच्या आधी रोज करून घेतले तर धोका बराच घटतो, हेही अभ्यासाने दिसलेलं आहे. त्याला पैसा लागत नाही. एक भिंत, एक सतरंजी आणि नजर ठेवणारा माणूस पुरतो. आणि शस्त्रक्रिया झाली तरी नऊ महिने ते वर्षभर नेटाने व्यायाम केला तर बरेच खेळाडू परत मैदानात येतात. तेवढा काळ मुलीला दार उघडं आहे एवढं कळलं पाहिजे. तिला बाकावर बसू द्या, स्कोअरशीट लिहू द्या, लहान मुलींचा पासिंगचा सराव घ्यायला सांगा. नाव यादीतून काढायचंच असेल तर समोर बसवून सांगा.

शेवटच्या सामन्याकडे येते. तो सामना देखणा नव्हता, पण मला त्या संघाचा सगळ्यांत अभिमान तिथेच वाटला. डेन्व्हरचे तीन गुणांचे २८ पैकी ५ च शॉट आत गेले. फ्री थ्रो २३ पैकी १३. असे आकडे असलेला संघ एरवी हरतो. मध्यंतराला मायामी सात गुणांनी पुढे होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या जिमी बटलरने एकट्याने सलग १३ गुण केले आणि मायामीला ८९-८८ अशी आघाडी मिळवून दिली. पोहे ताटात गार झाले, कुणी हात लावला नाही. मग दीड मिनिट उरलेलं असताना डेन्व्हरचा एक शॉट हुकला आणि ब्रूस ब्राऊनने, जो त्या गर्दीत उंचीने बराच लहान, मध्ये शिरून रिबाउंड घेतला आणि चेंडू तसाच आत घातला. ९०-८९. त्यानंतर बटलरचा पास डेन्व्हरच्या कॉल्डवेल-पोपने मधल्या मध्ये उचलला. हाच कॉल्डवेल-पोप २०२० मध्ये लेकर्सकडून खेळताना डेन्व्हरला बाहेर काढून विजेता झाला होता. आता तो इकडे. त्याने दोन फ्री थ्रो घातले, पुढे ब्राऊनने दोन, आणि संपलं. पाठीच्या शस्त्रक्रियांतून उठलेल्या पोर्टरचे त्या दिवशी १६ गुण आणि १३ रिबाउंड होते. सगळ्या मालिकेत त्याचा नेम लागत नव्हता, तरी मलोननी त्याला बसवलं नाही आणि ज्या दिवशी शॉट पडत नव्हते त्या दिवशी त्याने रिबाउंड आणून दिले. मी सेंटर होते म्हणून सांगते, रिबाउंड हा घामाने मिळतो, त्याला नेम लागत नाही.

योकिचचे २८ गुण आणि १६ रिबाउंड. सगळ्या प्ले-ऑफमध्ये मिळून ६०० गुण, २६९ रिबाउंड, १९० असिस्ट. तिन्हींत तोच पहिला, आणि असं याआधी कुणालाच जमलेलं नव्हतं. शिट्टी वाजल्यावर तो आधी मायामीच्या खेळाडूंशी हस्तांदोलन करायला गेला. मग कुणीतरी माइक पुढे केला तेव्हा म्हणाला, काम झालं, आता घरी जाता येईल. सोम्बोरला त्याचे घोडे आहेत, त्यांची शर्यत होती. मरे मात्र रडत होता. मीही.

डेन्व्हर १९७६ साली एनबीएमध्ये आलं, म्हणजे ४७ हंगाम. १९९७-९८ मध्ये तर ८२ सामन्यांत त्यांनी फक्त ११ जिंकले होते. तो हंगाम तिकीट काढून पाहिलेली माणसं या मंगळवारी तिथे असतीलच, आणि त्यांचं मन काय म्हणत असेल ते इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. माझे बाबा यशवंत क्लबच्या मैदानावर सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींना पाहत मोठे झाले. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, शेवटचा १९५२-५३ ला. पुढे होळकर संघ राहिला नाही, मध्य प्रदेश झाला, आणि बाबा दर हिवाळ्यात वाट पाहत राहिले. १९९९ च्या अंतिम सामन्यात चंद्रकांत पंडित कर्णधार असताना आपण बंगळुरूत कर्नाटककडून हरलो. गेल्या वर्षी, २६ जूनला, त्याच मैदानावर, त्याच पंडितांच्या मार्गदर्शनाखाली आपण मुंबईला सहा गडी राखून हरवलं. यश दुबे, शुभम शर्मा आणि आपला रजत पाटीदार, तिघांची शतकं. दादरचे माझे मामेभाऊ दर वर्षी रणजीवरून चिडवायचे, त्या दिवशी त्यांनीच आधी फोन करून अभिनंदन केलं. बाबा ते पाहायला नव्हते. १९९९ ला हरलेल्या माणसाच्या हातात पुन्हा संघ देणारे कुणीतरी होते म्हणून ते झालं. मला हे दोन्ही विजय एकाच जातीचे वाटतात.

भाचीचा गुडघा आता बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, गेल्या महिन्यापासून ती पुन्हा सरावाला जाते. हे तिने आणि तिच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मिळून केलं. मंगळवारचा सामना तिने आमच्याकडेच पाहिला आणि मरेचा तो डावा पाय ती पुन्हा पुन्हा दाखवत होती. यंदा ती निवड चाचणी देणार आहे. तिला संघात घ्याच असं मी कुणाला म्हणणार नाही. चाचणी घ्या, खेळ पाहा आणि मग ठरवा. पण ज्यांच्या हातात इथल्या मुलामुलींचे संघ आहेत त्यांनी या मोसमात एक करावं: दुखापत झालेल्या खेळाडूचं नाव वर्षभर यादीत ठेवावं, खेळत नसला तरी, आणि ते त्याला तोंडाने सांगावं.

आपल्याकडेही एक मागणं आहे. क्रिकेटला आपण भरपूर जागा देता, ती हवीच, मी स्वतः ती आधी वाचते. पण कॉम्प्लेक्सवर मुलींचे सामने होतात त्यांचे निकाल कुठेच छापून येत नाहीत. ज्या मुलीचं नाव पेपरात आलेलं असतं तिला यादीतून गुपचूप वगळणं तितकं सोपं जात नाही. आपला वार्ताहर रोज यावा अशी अपेक्षा नाही. स्कोअरशीट मला वाचता येते, घरही जवळ आहे. आठवड्याभराचे निकाल, कुणी किती गुण केले, किती रिबाउंड घेतले, कोण दुखापतीमुळे बाहेर आहे, हे सगळं नीट लिहून दर सोमवारी दुपारपर्यंत मी आपल्या कार्यालयात पोहोचवीन. दोन इंच जागा पुरे होईल. माझा पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. जुलैपासून सुरू करता आलं तर बरं, कारण तेव्हाच आंतरशालेय सामन्यांची तयारी सुरू होते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर